हे खरे आहे काय?

(लोकप्रतिनिधी व कार्यकर्ते यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



महाराष्ट्र विधानमंडळातील प्रश्नोत्तरांची छापील यादी ज्यांनी कधी हातात घेतली असेल, त्यांना एक वाक्यरचना निश्चित स्मरत असेल. प्रश्न रस्त्याचा असो, रखडलेल्या पाटबंधाऱ्याचा असो वा आश्रमशाळेतील निकृष्ट धान्याचा असो, त्याचा पहिला भाग ‘हे खरे आहे काय’ या शब्दांनीच संपतो. पुढचे भागही ठरलेलेच. असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. चौकशीत काय आढळून आले. त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरांचीही अशीच पठडी आहे. ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ आणि सर्वांत सोयीचे म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’. उत्तर मंत्रिमहोदयांच्या नावे छापले जाते. परंतु त्याचा मसुदा बहुधा मंत्रालयातील एखाद्या कक्ष अधिकाऱ्याने केलेला असतो आणि त्यासाठीची माहिती ज्या जिल्हा कार्यालयाविषयी तक्रार असते, त्याच कार्यालयाकडून मागविलेली असते. आरोपीनेच स्वतःचा पंचनामा लिहावा, तसा हा प्रकार. म्हणून छापील उत्तराला फारसे मोल नसते. खरी परीक्षा सुरू होते ती सभागृहात, सदस्य उपप्रश्न विचारण्यासाठी उभा राहतो तेव्हा.

एक साधे उदाहरण घ्यावे. ‘जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधांचा तुटवडा आहे, हे खरे आहे काय’ असा प्रश्न गेला, तर ‘हे खरे नाही’ एवढे उत्तर यायला कोणतीच अडचण नाही. औषध अजिबात नाही असे कुठेच नसते. तापाच्या गोळ्या तरी असतातच! हाच प्रश्न अमुक एका केंद्राचे नाव घेऊन, अमुक महिन्यात सर्पदंशावरील लस साठ्यात होती काय, नसल्यास मागणीपत्र कोणत्या दिनांकास पाठविले, वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, त्यांपैकी भरलेली किती, असा विचारला, की उत्तर देणाऱ्याला नोंदवही उघडावी लागते. तारीख आणि आकडा यांपुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही ढाल टिकत नाही.

खर्चाच्या बाबतीत तर हे अधिकच खरे. अर्थसंकल्पात एखाद्या योजनेसाठी तरतूद झाली, की वृत्तपत्रांत मथळा येतो. वर्षअखेरीच्या सुमारास त्याच योजनेचा सुधारित अंदाज निमुटपणे खाली आणलेला असतो आणि ३१ मार्चला उरलेली रक्कम समर्पित केली जाते. प्रत्यक्षात खर्च किती झाला, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालातून कळते, तेही बऱ्याच काळाने, जेव्हा मंत्री आणि सचिव दोघेही कदाचित दुसऱ्या खात्यात गेलेले असतात. तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी-शेजारी मांडून प्रश्न विचारणारा आमदार मंत्र्यांना नकोसा असतो. राजाच्या द्रव्याचा अपहार करण्याचे चाळीस प्रकार कौटिल्याने मोजून ठेवले आहेत. त्याच्या काळी हिशेब राजा घेत असे. आज तो राजाकडूनच घ्यायचा आहे.

हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कौन्सिलांत प्रश्न विचारण्याची मुभाच नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने मिळाली, पण उपप्रश्न नाही आणि अंदाजपत्रकावर मतदानही नाही. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची परवानगी मिळाली, १९१९ च्या सुधारणांनी ती इतर सदस्यांनाही लाभली. अशा तुटपुंज्या अधिकारातही महाराष्ट्रातील माणसांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबई कौन्सिलचे सदस्य झाले. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. सरकारचीच दुष्काळविषयक नियमावली शेतकऱ्याला कोणते हक्क देते, हे गावोगाव जाऊन सांगण्याचे काम सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी टिळकांच्या मार्गदर्शनाखाली केले. परिणाम असा, की १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. नियम सरकारचे होते; ते लोकांना ठाऊक होणे मात्र सरकारला परवडत नव्हते.

नामदार गोखल्यांचे १९०२ चे अंदाजपत्रकावरील भाषण सर्वश्रुत आहे. तिजोरीत शिल्लक आहे म्हणून सरकार समाधानी होते. देश दुष्काळाने पिचलेला असताना ही शिल्लक समृद्धीची नसून जादा करांची आहे, हे गोखल्यांनी सरकारी आकड्यांनीच सिद्ध केले. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला आणि पुढेही उतरत गेला. परंतु या भाषणांमागील एका व्यक्तीचा उल्लेख क्वचितच होतो. गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकी पेशातील गृहस्थांनी सरकारी अहवाल चाळून, आकडे जुळवून गोखल्यांना आर्थिक विषयांत साहाय्य केले. कौन्सिलमध्ये उभे राहिले गोखले. पण बैठक जोशींनी घातलेली होती.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नोत्तराच्या तासाची धार सर्वाधिक दिसली ती मुंदडा प्रकरणात. विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण करून १९५६ मध्ये आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले होते. मध्यमवर्गीयांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते ही त्याची पुंजी. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे समभाग खरेदी केले, आणि तेही आपल्याच गुंतवणूक समितीला विश्वासात न घेता. सप्टेंबरमध्ये लोकसभेत राम सुभग सिंह यांनी यासंबंधी प्रश्न विचारला. उत्तर गुळमुळीत आले. नोव्हेंबरमध्ये प्रश्न पुन्हा आला, उपप्रश्नांची सरबत्ती झाली आणि एकेक तपशील बाहेर पडू लागला. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोज गांधी बोलायला उभे राहिले ते कागदपत्रांची जय्यत तयारी करून. सरकारला चौकशी नेमावी लागली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेऊन महिन्याच्या आत अहवाल दिला. सचिवाने केलेल्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले.

येथे क्षणभर थांबावे लागेल. राम सुभग सिंह कोणत्या पक्षाचे? काँग्रेसचे. फिरोज गांधी? तेही काँग्रेसचेच, शिवाय पंतप्रधानांचे जावई. नेहरूंच्या धोरणांवर परखड टीका करणे या व्यासपीठाला नवीन नाही, आणि ती टीका यथार्थही आहे. तरी सत्ताधारी बाकांवरून उठून आपल्याच अर्थमंत्र्याला प्रश्न विचारणारे सदस्य त्या लोकसभेत होते, हे मान्य केलेच पाहिजे. जीवन विमा कुणाच्या पक्षाचा नव्हता. हप्ते सर्वांचे होते.

याच फिरोज गांधींनी संसदेतील कामकाजाचे प्रामाणिक वृत्त छापणाऱ्या पत्रकारांना संरक्षण देणारे विधेयक मांडले आणि १९५६ मध्ये ते संमत करून घेतले. आणीबाणीत हा कायदा रद्द झाला. रद्द करणारे सरकार त्यांच्या पत्नीचे होते, हा इतिहासाचा क्रूर विनोदच! १९७५ च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासही स्थगित होता. मिसाखाली कारागृहात गेलेल्या कार्यकर्त्यांच्या घरांत आजही त्या दिवसांच्या आठवणी निघतात. पण सभागृहात प्रश्न विचारायलाच बंदी होती, हा भाग बहुधा सांगायचा राहून जातो. तो कायदा जनता सरकारने १९७७ मध्ये पुन्हा आणला.

आपल्या परंपरेतील आदर्श शोधण्यासाठी मात्र दूर जावे लागत नाही. १९५७ मध्ये रामभाऊ म्हाळगी मावळातून विधानसभेत गेले, तेव्हा जनसंघाचे आमदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. सत्ता मिळण्याची दूरान्वयानेही शक्यता नव्हती. अशा वेळी दोनच मार्ग असतात: सभात्याग करून बाहेर घोषणा द्यायच्या, किंवा आत बसून अभ्यास करायचा. रामभाऊंनी दुसरा मार्ग धरला. नियमावली आणि नोंदींचे कागद ही त्यांची शस्त्रे. आमदार म्हणून आणि पुढे १९७७ पासून ठाण्याचे खासदार म्हणून, आपण वर्षभरात काय केले याचा छापील अहवाल मतदारांपुढे ठेवण्याचा प्रघात त्यांनी पाळला. मंत्र्याला हिशेब विचारणाऱ्याने स्वतःचाही हिशेब द्यावा, एवढे साधे त्याचे सूत्र होते. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या प्रबोधिनीत आज अनेक पक्षांचे लोकप्रतिनिधी प्रशिक्षणासाठी येतात.

हे सांगितल्यावर दुसरे पान झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. डिसेंबर २००५ मध्ये एका दूरचित्रवाणी वाहिनीने खासदार पैसे घेऊन प्रश्न विचारत असल्याचे चित्रीकरण दाखविले. रकमा किती? पंधरा हजारांपासून एक लाख दहा हजारांपर्यंत. २३ डिसेंबरला ११ सदस्यांची हकालपट्टी झाली. त्यांत काँग्रेस, बसप, राजद यांचे सदस्य होते. पण सहा जण भाजपचे होते आणि त्यांतील दोघे आपल्या खानदेशातले. शिक्षा अपराधाच्या मानाने जास्त आहे, असे म्हणून पक्षाने मतदानाच्या वेळी सभात्याग केला. तो युक्तिवाद तेव्हाही अनेक जुन्या कार्यकर्त्यांच्या गळी उतरला नव्हता. १९५१ मध्ये मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेतल्याबद्दल काँग्रेसचे मुद्गल यांना सदस्यत्व सोडावे लागले होते, तो दाखला समोर होता. डिसेंबर २०२३ मध्ये तृणमूलच्या एका खासदार महिलेवर प्रश्नांच्याच संदर्भात कारवाई झाली. पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी नाकारला. त्या कारवाईचे आपल्याकडे स्वागत झाले. ते करताना २००५ चा डिसेंबर किती जणांना आठवला? विकलेला प्रश्न हा खऱ्या प्रश्नाची जागा अडवतो. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात आणि तासाभरात त्यांतले चार-सहा तोंडी उत्तरापर्यंत पोहोचले तरी दिवस बरा गेला असे म्हणतात.

२०१४ पासून केंद्रात आणि पाठोपाठ अनेक राज्यांत आपल्या विचारांची माणसे सत्तेच्या बाकांवर जाऊन बसली. दशकानुदशके प्रश्न विचारणाऱ्यांना आता उत्तरे द्यावी लागतात. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात महामारीमुळे प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला. लेखी उत्तरे मात्र दिली गेली. परिस्थिती असाधारण होती, यात वाद नाही. तरीही जे अधिवेशन भरू शकते, त्यात तासभर प्रश्नोत्तरे का होऊ शकत नाहीत, ही शंका केवळ विरोधकांची नव्हती. मार्च २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा खर्च लोकसभेने गदारोळात चर्चेविना संमत केला. त्या गोंधळात दोन्ही बाजू सामील होत्या. शेतकऱ्याच्या पाणंद रस्त्याला दोन लाख मंजूर होण्यासाठी किती सह्या लागतात, हे ठाऊक असणाऱ्याला या वेगाचे नवल वाटल्याशिवाय राहणार नाही.

‘आपल्याच मंत्र्याला अडचणीत कसे आणायचे’ हा सत्ताधारी आमदाराचा नेहमीचा प्रश्न. वास्तविक नेमका प्रश्न मंत्र्याला साहाय्यभूतच होतो. अधिकाऱ्याने वर पाठविलेली माहिती खोटी आहे, हे मंत्र्याला कळण्याचे ते एक खात्रीचे साधन आहे. बंद खोलीत कानावर घातलेली तक्रार विसरता येते. सभागृहात दिलेल्या उत्तराची नोंद राहते. त्यात ‘तपासून पाहू’, ‘कार्यवाही करू’ असे शब्द आले, की ते आश्वासन ठरते आणि आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करू शकते. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. ती कित्येकदा वाढवून घेतली जाते, कारण ज्या गावासाठी आश्वासन दिले गेले, त्या गावात त्याची कुणालाच वार्ता नसते.

आणि येथेच तालुक्याच्या कार्यकर्त्याचे काम येते. आमदाराला शंभर गावांतील औषधसाठा ठाऊक असणे शक्य नाही. आरोग्य केंद्राच्या फळ्यावरील नोंद, नळयोजनेच्या कार्यारंभ आदेशाचा दिनांक, ठेकेदाराला दिलेल्या देयकाची रक्कम, माहिती अधिकारात मिळालेली प्रत, हे सारे स्थानिक माणसाच्याच आवाक्यातले आहे. गणेश व्यंकटेश जोशींनी अहवालांच्या ढिगाऱ्यात बसून केले तेच हे काम. आता कागद मिळणे त्यांच्या काळापेक्षा सोपे झाले आहे. फक्त एक व्यावहारिक सूचना ध्यानात असू द्यावी. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या पुष्कळ आधी द्यावी लागते. नागपूर अधिवेशनाचा मंडप उभा राहू लागल्यावर आमदारांच्या घरी घेऊन गेलेली तक्रार त्या अधिवेशनात येत नाही. डिसेंबरसाठीची वही दिवाळीपूर्वीच भरलेली असावी लागते.