लॉर्ड सिन्हांची पदवी आणि तिचा वारस



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींना नवल वाटेल. आपल्या घरांत कोणी राजा नाही, कोणी सरदार नाही, आणि विलायतेच्या लॉर्डांशी तर आपला दूरचाही संबंध नाही. मग बंगालमधील एका जमीनदार घराण्याची पदवी बापाकडून मुलाकडे कशी गेली, हे आपण का ऐकावे? याचे कारण असे की, त्या पदवीचा निकाल अखेर एका धर्मांतरावर लागला. लॉ कॉलेजात असताना हा खटला मी प्रथम वाचला. पुढे वकिली करताना विवाहाचे आणि वारसाचे अनेक दावे चालविले. पण तो खटला मनातून गेला नाही.

बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात रायपूर नावाचे गाव आहे. तेथील सिन्हा हे कायस्थ जमीनदार. 1863 साली देवेंद्रनाथ ठाकुरांनी याच घराण्याकडून वीस बिघे माळरान कायम पट्ट्याने घेतले आणि त्यावर पुढे शांतिनिकेतन उभे राहिले. त्याच 1863 साली या घराण्यात सत्येंद्रप्रसन्न सिन्हा यांचा जन्म झाला. 1880 साली, म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांचा विवाह गोविंदमोहिनी मित्र यांच्याशी हिंदू पद्धतीने झाला. ही तारीख आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचे मोठे काम पडणार आहे. नंतर सिन्हा विलायतेस गेले, लिंकन्स इनमधून 1886 साली बॅरिस्टर झाले आणि कलकत्त्यास वकिली करू लागले.

त्यांच्या कर्तृत्वाविषयी मी थोडक्यात सांगतो. बंगालचे पहिले हिंदी अॅडव्होकेट जनरल ते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात 1909 साली बसलेले पहिले हिंदी गृहस्थ तेच. 1915 साली मुंबईस भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनच्या साम्राज्य परिषदेत आणि पॅरिसच्या शांतता परिषदेत ते हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून गेले. आणि 1919 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश राजाने त्यांना ‘रायपूरचे बॅरन सिन्हा’ केले. वंशपरंपरेने चालणारी लॉर्डाची पदवी मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ, आणि एकटेच.

ते वर्ष कोणते होते, हेही पाहावे. फेब्रुवारीत ही सनद निघाली. एप्रिलच्या 13 तारखेस अमृतसरच्या जालियनवाला बागेत गोळीबार झाला. आणि मे महिना संपता संपता रवींद्रनाथ ठाकुरांनी आपली ‘सर’ ही पदवी परत केली. रवींद्रनाथांची पदवी त्यांच्या एकट्याची होती, ती त्यांच्याबरोबरच संपणारी होती. सिन्हांची पदवी मात्र मुलाची, नातवाची, पणतवाचीही होती. त्यांनी ती ठेवली. एवढ्यावरून त्यांना कमी लेखावे असे मला वाटत नाही. लॉर्डांच्या सभागृहात 1919 चा हिंदुस्थान सरकार कायदा पार पाडण्याचे काम त्यांनीच केले; आणि त्या कायद्याखालील मुंबईच्या कायदेमंडळातच पुढे बाबासाहेब सरकारनियुक्त सभासद म्हणून बसले.

आता सनदेकडे वळू. अशा राजसनदेत पदवी कोणाकडे जावी हे लिहिलेले असते, आणि त्यातील शब्द ठरीव असतात. ती मूळ पुरुषाच्या देहापासून झालेल्या औरस पुरुष वारसांकडे जाते. म्हणजे मुलीकडे नाही, मग ती कितीही थोरली आणि कितीही शिकलेली असो. दत्तक मुलाकडे नाही. विवाहबाह्य संततीकडे नाही. ‘औरस’ हा एकच शब्द सगळे दार अडवून उभा असतो. आणि औरस म्हणजे कायद्याने मान्य केलेल्या विवाहातून जन्मलेला.

4 मार्च 1928 रोजी लॉर्ड सिन्हा वारले. त्यांचे थोरले चिरंजीव अरुणकुमार यांनी बापाच्या जागी लॉर्डांच्या सभागृहात बोलावणे यावे अशी मागणी केली. ते बोलावणे येण्यास 1939 साल उजाडले. अकरा वर्षे! बाप ज्या सभागृहात बसून राज्यकारभाराचे कायदे मंजूर करून घेत होता, त्याच सभागृहाला त्याच बापाचे लग्न हे लग्न आहे किंवा नाही असा प्रश्न पडला होता.

हा प्रश्न कसा उद्भवला ते समजण्यासाठी एक जुना निकाल सांगणे भाग आहे. 1866 साली विलायतेत हाइड नावाच्या एका इंग्रजाने घटस्फोटाची फिर्याद केली. तो पूर्वी मॉर्मन पंथाचा होता. अमेरिकेत, यूटा प्रांतात, त्या पंथाच्या रीतीने त्याचे लग्न झाले होते. पुढे त्याने पंथ सोडला आणि बायकोने दुसरा नवरा केला. त्याला बायको एकच होती. तरीही कोर्टाने त्याची फिर्याद ऐकली नाही. कारण असे दिले की, ज्या पंथात पुरुषाला अनेक बायका करण्यास मुभा आहे त्या पंथातील लग्न, एकच बायको असली तरी, आमच्या कायद्यातील विवाह नव्हे. विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचा, इतरांना वगळून केलेला, आयुष्यभराचा संबंध. हा निकाल पुढे हिंदुस्थानातील लग्नांना लागू होऊ लागला, कारण 1880 साली हिंदू पुरुषासही कायद्याने कितीही बायका करता येत होत्या. सत्येंद्रप्रसन्नांनी दुसरी बायको केली नव्हती. परंतु ते करू शकत होते, आणि विलायतेच्या कायद्यास तेवढे पुरेसे होते.

अरुणकुमारांचा दावा लॉर्डांच्या विशेषाधिकार समितीपुढे चालला. अध्यक्षस्थानी लॉर्ड चॅन्सेलर मॉम होते. कादंबरीकार सॉमरसेट मॉम यांचे हे थोरले बंधू. समितीपुढे जी हकिकत सिद्ध झाली ती अशी. 1880 च्या लग्नानंतर सत्येंद्रप्रसन्न आणि गोविंदमोहिनी या उभयतांनी साधारण ब्राह्मो समाजाची दीक्षा घेतली होती. या समाजात एका पुरुषास एकच पत्नी असा दंडक होता. आणि ही दीक्षा 1887 साली अरुणकुमारांचा जन्म होण्यापूर्वीच झाली होती. समितीने निर्णय दिला की, लग्न लागले त्या दिवशी त्यात दुसऱ्या बायकोस वाव होता हे खरे. परंतु नव्या पंथात गेल्यावर तो वाव संपला, आणि मुलगा जन्मला त्या वेळी ते लग्न एकपत्नीकच झालेले होते. म्हणून मुलगा औरस, आणि म्हणून तो लॉर्ड.

निकालात आणखी एक गोष्ट आहे. लॉर्ड मॉम यांनी असेही म्हटले की, बहुपत्नीकत्वास वाव असलेले प्रत्येक लग्न इंग्रजी कोर्टे शून्य समजतात असे नाही. परंतु पदवीच्या वारसात अडचण अशी पडते की, दोन बायका असतील आणि धाकटीस मुलगा आधी व थोरलीस नंतर झाला असेल, तर पदवी कोणाला द्यायची? संपत्तीचे दोन वाटे करता येतात. पदवीचे दोन वाटे करता येत नाहीत.

या ब्राह्मो समाजाची एक हकिकत येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. केशवचंद्र सेन हे त्या समाजातील मोठे सुधारक. 1872 साली तिसरा कायदा झाला, ज्याखाली एकपत्नीक नोंदणी विवाह करता येत होता, त्यामागे त्यांचीच खटपट होती. त्या कायद्यात वधूचे वय चौदा पूर्ण हवे होते. पुढे 1878 साली याच केशवचंद्रांनी आपली चौदा वर्षेही पूर्ण न झालेली कन्या सुनीती हिचा विवाह कूचबिहारच्या अल्पवयीन महाराजाशी करून दिला. अनुयायी संतापले, फूट पडली, आणि त्याच साली साधारण ब्राह्मो समाज निघाला. म्हणजे ज्या पंथाच्या दीक्षेने सिन्हांची पदवी तरली, तो पंथ एका राजघराण्याच्या सोयरिकीचा निषेध करून जन्मास आला होता!

आता या सर्व प्रकरणातील मर्म पाहा. वंशपरंपरेची पदवी ही केवळ जन्मावर चालते. जो तिचा वारस आहे त्याने काहीही करावे लागत नाही. जन्मास यावे एवढेच. परंतु या जन्माला कायद्याच्या दृष्टीने किंमत कशामुळे आली? तर दोन तरुण माणसांनी, पदवीची स्वप्नातही कल्पना नसताना, सनद निघण्याच्या तीस वर्षांहून अधिक आधी, आपल्या बुद्धीने एक पंथ सोडून दुसरा स्वीकारला आणि त्याचे बंधन पाळले, त्यामुळे. आणि त्यात गोविंदमोहिनींचा वाटा नवऱ्याइतकाच होता, कारण दीक्षा दोघांची होती. ज्या सनदेत तिच्या मुलींना स्थान नव्हते, ती सनद तिच्या दीक्षेनेही टिकली.

आपणांस हे सांगण्याचा हेतू उघड आहे. दीक्षा घेतल्याने कायद्यात काय फरक पडतो, असे आपल्या घरातील तरुण मुले विचारतात. हिंदुस्थानच्या कायद्यात आज आपला विवाह 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखालीच येतो. त्याच्या दुसऱ्या कलमात बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याअन्वये पहिली पत्नी हयात असून घटस्फोट झालेला नसता केलेला दुसरा विवाह शून्य आहे आणि गुन्हाही आहे. आपल्या मुंबई इलाख्यात तर त्याच्याही नऊ वर्षे आधी, 1946 साली, हिंदूंस द्विभार्येची बंदी झाली होती. आणि धर्म बदलून हे बंधन टाळता येईल असे कोणास वाटत असेल, तर 1995 साली सरला मुद्गल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचे उत्तर दिले आहे. पहिला विवाह तसाच ठेवून, दुसऱ्या बायकोसाठी धर्म बदलणाऱ्या पुरुषाचा तो विवाह न्यायालयाने अवैध ठरविला. सिन्हा दांपत्याने धर्मांतर करून दुसऱ्या बायकोचे दार बंद केले. हे गृहस्थ तेच दार उघडण्यासाठी धर्मांतर करीत होते.

सिन्हांच्या पदवीचे पुढे काय झाले ते सांगून टाकतो. 1967 साली अरुणकुमार वारल्यावर ती त्यांच्या मुलाकडे गेली, त्यानंतर नातवाकडे. आणि 1992 साली तो नातू वारल्यावर ती मागे वळून त्याच्या काकाकडे गेली. 1999 च्या कायद्याने तेथील वंशपरंपरागत लॉर्डांपैकी 92 सोडून बाकीच्यांचा सभागृहात बसण्याचा हक्क काढून घेण्यात आला. नाव राहिले, खुर्ची गेली.

भारतात तर हा प्रश्न राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सोडविला. सैनिकी वा विद्याविषयक मानचिन्हे वगळता राज्याने कोणतीही पदवी देऊ नये, आणि नागरिकाने परक्या राज्याची पदवी स्वीकारू नये. 1948 साली घटनासमितीत या कलमावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी ते वेगळ्या दृष्टीने मांडले. पदवी न घेणे हा नागरिकाचा हक्क नसून त्याच्यावरील कर्तव्य आहे, आणि नागरिक म्हणून राहण्याची ती एक अट आहे, असे त्यांचे म्हणणे होते. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे यांना मात्र 1971 च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत जीवदान मिळाले.

लॉर्ड सिन्हा मार्च 1928 मध्ये वारले असे मी सांगितले. त्याच मार्च महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी 1874 च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते महार वतनासंबंधी होते. वतन हीदेखील जन्माने मिळणारी आणि बापाकडून मुलाकडे जाणारी गोष्ट. फरक एवढाच की तिच्याबरोबर सभागृहातील खुर्ची येत नसे, तर वेळी अवेळी हाक येई, आणि घरातील एकाच्या नावचे काम सगळ्या घराला करावे लागे. तरीही आपल्याच लोकांपैकी अनेकांना वतन हा मान वाटे. बावन्न हक्कांची गोष्ट आमच्या आजोबांच्या पिढीने अभिमानाने सांगितली आहे.

मागील वर्षी एक वृद्ध गृहस्थ रुमालात बांधलेला वतनाचा कागद घेऊन माझ्याकडे आले होते. तो त्यांनी देवघरात ठेवण्याच्या वस्तूप्रमाणे दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, “वकीलसाहेब, आमच्या नातवाला याचा काही मान मिळेल काय?” मी त्यांना म्हणालो, “बाबा, मान नाही. पण जमीन कोठे गेली ते यावरून शोधता येईल.” कनिष्ठ वतने 1958 च्या कायद्याने रद्द झाली आणि ठरलेली रक्कम भरल्यावर ती जमीन वतनदार कुटुंबास नव्या शर्तीवर परत द्यावयाची होती, कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येत नव्हती. आम्ही तलाठ्याकडून सात-बाराचे उतारे आणि जुने फेरफार काढले आहेत. एका फेरफारावर परवानगीचा उल्लेख दिसत नाही. अर्ज दाखल झाला आहे. त्यात वारस म्हणून नातवाबरोबर त्यांच्या दोन मुलींचीही नावे घातली आहेत. तो कागद बांधून ठेवला तेव्हा ती नावे कोणाच्या मनात आली नव्हती.

आपल्या घरी असे कागद असतील तर ते फेकू नका. आणि ज्यांचे विवाह बौद्ध पद्धतीने झाले पण नोंदविलेले नाहीत, त्यांनी विवाहविधी लावणाऱ्यांचे नाव, दोन साक्षीदार आणि छायाचित्र घेऊन विवाह नोंदणी कार्यालयात जावे. आज व्याख्यान संपल्यावर मी येथेच बसणार आहे. ज्यांना अर्ज भरून हवा असेल त्यांनी पतिपत्नी दोघांनी मिळून यावे.