व्यापाऱ्यांची युनियन



कामगारांच्या चळवळीत जन्म घालवलेल्या माणसाने मुंबईच्या चेंबर ऑफ कॉमर्सवर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. आता तासभर मालकांना शिव्या ऐकायच्या, अशी तयारी करून कोणी आले असतील, तर त्यांची निराशा होईल. आज आम्ही चेंबरचे थोडे कौतुकच करणार आहोत, आणि ते करताना आमच्याच लोकांचे कान उपटणार आहोत.

चेंबर म्हणजे काय? साध्या भाषेत, व्यापाऱ्यांची युनियन. वर्गणी आहे, कार्यकारिणी आहे, सरकारदरबारी गाऱ्हाणी नेणे आहे, सगळे आमच्यासारखेच. फक्त ते आमच्या फार आधी जागे झाले. ईस्ट इंडिया कंपनीचा हिंदुस्थानच्या व्यापारातला मक्ता १८१३ साली सुटला आणि चीनच्या व्यापारातला १८३३ च्या कायद्याने. कापूस आणि अफू (हो, अफूसुद्धा, इतिहास सोवळ्यातला नसतो) पाठवणाऱ्या खासगी पेढ्यांना रान मोकळे झाले. पण एकेकट्या पेढीचे सरकार ऐकेना. म्हणून २२ सप्टेंबर १८३६ रोजी मुंबईत चेंबर निघाले. युरोपीय पेढ्यांबरोबर काही देशी पेढ्याही त्यात होत्या. पुढे त्यावर गोऱ्यांचेच वर्चस्व राहिले, तेव्हा देशी व्यापाऱ्यांनी १९०७ साली इंडियन मर्चंट्स चेंबर काढले. नारायण मेघाजी लोखंडे यांची गिरणी कामगारांची संघटना १८८४ ची. म्हणजे व्यापारी आमच्यापेक्षा अठ्ठेचाळीस वर्षे आधी एकत्र बसले. आणि आमच्या युनियनला कायद्याने नाव मिळाले ते १९२६ साली.

आता त्यांचे काम पाहा. जहाजाचे भाडे पुष्कळदा मालाने किती जागा अडवली यावर ठरते. मग कापसाच्या गाठीचे माप कोणाचे धरायचे, जहाजवाल्याचे की व्यापाऱ्याचे? चेंबरने आपले मोजणीदार गोदीत उभे केले. बोटीवर चढण्याआधी माल मोजायचा आणि तसा दाखला द्यायचा. तंटा तिथल्या तिथे मिटला. शहरात कापूस किती आला, गहू किती, गळिताचे धान्य किती, याचा रोजचा तक्ता चेंबर छापून काढी. या कागदांच्या जोरावर त्यांची माणसे पोर्ट ट्रस्टमध्ये, म्युनिसिपालिटीत आणि कायदेमंडळात जाऊन बसली. नुसत्या पैशाने हे झाले असे आमचे लोक समजतात. पैसा होताच, पण हातात आकडा असलेला माणूस बोलू लागला की बाकीच्यांना गप्प बसावे लागते.

मात्र ज्याच्या पाठीवरून ती गाठ गोदीत गेली, त्याच्या मजुरीत महिनाभराचे धान्य येते की नाही, याची नोंद त्या दाखल्यात नव्हती. असायचे कारणही नव्हते. ते काम आमचे होते. मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस काढले, तेव्हा कुठे कामगाराच्या घरखर्चाचा नीट हिशेब होऊ लागला. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक विधानसभेच्या १७५ जागांपैकी ७ व्यापार-उद्योगाला आणि ७ कामगारांना दिल्या. वरवर पारडी सारखी. पण एका पारड्यात मूठभर संस्था आणि दुसऱ्यात लाखो माणसे!

आमचा स्वतःचा फजितवाडा सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात पगारवाढीची बोलणी चालली होती. व्यवस्थापकांनी कच्च्या मालाचे पाच वर्षांचे भाव टेबलावर मांडले. आमच्यापाशी जोरदार भाषण होते. तेल, तांदूळ, खोलीचे भाडे किती चढले, हे त्यांनी विचारले आणि आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. मिळाले ते घेऊन उठलो. त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली आणि बायकोला म्हणालो, "वाण्याची चिठ्ठी फेकू नकोस." आज आमच्या प्रत्येक शाखेत तशी वही आहे. निदान असावी, असा ठराव तरी आहे!

हे सारे मालकाशी भांडण्यापुरतेच नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पुढे गिरणी कामगारांना घरे द्यायचे ठरले आणि प्रश्न आला, तुम्ही कामगार होता याचा पुरावा काय? चेंबरचे अहवाल कापडी बांधणीत ग्रंथालयात बसले आहेत. आम्ही तिथेच ते वाचले. आमची माणसे मात्र ट्रंका उपसत होती. कोणी हजेरी कार्ड आणले, कोणी फंडाची चिठ्ठी. एक आजी देवघरातल्या डब्यातून नवऱ्याचा गिरणीचा पास घेऊन आल्या. इतकी वर्षे त्यावर हळदकुंकू पडले होते. आम्ही तो उजेडात धरून पाहिला. नाव वाचता येत होते, नंबर पुसला होता.