बाजाराचें कुंपण आणि शेतकऱ्याची पट्टी
(वाशी येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आपण जेथें बसलों आहों तेथून हाकेच्या अंतरावर मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीचे पांच बाजार आहेत. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळें, मसाला आणि धान्य. रात्रीं दोन-तीनच्या सुमारास जुन्नरच्या, नाशिकच्या, साताऱ्याच्या गाड्या तेथें उतरूं लागतात. शहर झोंपेंत असतां तुमच्या वर्षाच्या घामाची किंमत तेथें ठरते, आणि ती ठरत असतां तुम्ही तेथें नसतां. मग केव्हांतरी एक कागद घरीं येतो. त्याला पट्टी म्हणतात. आज आम्ही या कागदावरच बोलणार आहों. मोठ्या अर्थशास्त्रावर बोलणारे पुष्कळ आहेत, पण आमच्या मतें सगळें अर्थशास्त्र या वीतभर कागदांत आहे.

आमच्या घरीं अशी एक पट्टी अनेक वर्षें जपून ठेवलेली होती. कोबी पाठविला होता. विक्रीची रक्कम, तिच्याखालीं गाडीभाडें, हमाली, तोलाई, वाराई, आडत, आणि शेवटीं बाकी. ती बाकी आम्हांस मिळावयाची नव्हती. आम्हींच आडत्याला द्यावयाची होती! माल आमचा, आणि कर्जही आमचेंच. आडत्याचें नांव येथें घेत नाहीं. तो एक गेला तर दुसरा तसाच येतो. प्रश्न माणसाचा नसून रचनेचा आहे.

ही गोष्ट आजची नव्हे. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत गाडीभर माळवें शहरांत नेणाऱ्या शेतकऱ्याची हकीकत आहे. वाटेंत म्युनिसिपालिटीची जकात, बाजारांत दलाल, आणि घरीं परततांना गाडीभाडें उलट अंगावर. त्या वेळीं दोन चोर होते: एक नाक्यावर बसणारा आणि एक गादीवर बसणारा. आज एवढ्या वर्षांनीं नाक्यावरचा बराचसा उठला आहे. गादीवरचा उठला काय, हें आपण पाहूं.

नाक्यापासून सुरुवात करूं. आपल्या राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमांत लिहिलें आहे कीं भारताच्या सर्व मुलुखांत व्यापार मुक्त असेल. लिहिलें खरें, पण वाशीच्या पुलापलीकडे मानखुर्दला, ऐरोलीला, मुलुंडला, दहिसरला मालाच्या गाड्यांच्या रांगा जकातीसाठीं लागत होत्या, त्या १ जुलै २०१७ पर्यंत. त्या दिवशीं वस्तु व सेवा कर आला आणि मुंबईची जकात गेली. ही सुधारणा खरी आहे. तिला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. राज्यांनीं परक्या मालावर कर बसवावा कीं नाहीं याबद्दल मात्र २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानें सांगितलें कीं, कर हा केवळ कर म्हणून अडथळा ठरत नाहीं. आपला-परका असा भेद करणारा कर तेवढा वर्ज्य. म्हणजे घटनेंतलें मुक्त दार अगदीं सताड उघडें नाहीं. हें आपल्याच देशांत आहे असें समजूं नका. कानडा देशाच्या घटनेंत १८६७ पासून एका प्रांताचा माल दुसऱ्यांत मोकळा जावा असें लिहिलें आहे. तरी शेजारच्या प्रांतांतून स्वस्त बिअर आणली म्हणून एका गृहस्थास दंड झाला, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं तो कायदा योग्य ठरविला. भिंती बांधणें राज्यकर्त्यांस फार आवडतें.

महाराष्ट्रांतल्या कापूसवाल्यांस हें सांगावयास नको. १९७१ चा कायदा झाला आणि १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी आली. कापूस सरकारलाच घालावयाचा, राज्याबाहेर न्यावयाचा नाहीं. हेतु व्यापाऱ्याच्या तावडींतून सोडविण्याचा होता, हें आम्ही मान्य करतों. पण चुकारे महिनोन् महिने रखडत आणि पलीकडे गुजरातेंत, मध्य प्रदेशांत भाव चांगला असला तरी सीमेवर गाडी अडे. आई जेवूं घालीना आणि बाप भीक मागूं देईना! शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनें या बंदीविरुद्ध लढे केले, त्यांत बायाबापड्याही उतरल्या होत्या.

कारागीर बांधवांनो, तुमच्यासाठींही एक भिंत शिल्लक आहे आणि ती कोणी बोलून दाखवीत नाहीं. कोल्हापुरी चप्पल घ्या. २०१९ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें, तें कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांस आणि कर्नाटकांतल्या बेळगांव, धारवाड, बागलकोट, विजापूर या चार जिल्ह्यांस मिळून. म्हणजे सरकारनेंच कबूल केलें कीं हा एकच हुन्नर आहे. पण कर-कायदा राज्याच्या रेषेवर थांबतो. राज्यांतल्या राज्यांत माल विकणाऱ्यास ठराविक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाहीं. महाराष्ट्रांत मालापुरती ही मर्यादा ४० लाखांची आहे. मात्र रेषेपलीकडे करपात्र माल विकावयाचा म्हटला तर सर्वसाधारण नियमानें पहिल्या रुपयापासून नोंदणी. कांहीं हस्तकलेच्या वस्तूंस सूट आहे, पण ती कोणत्या वस्तूस, किती उलाढालीपर्यंत, कोणत्या कागदांनिशीं, हें अधिसूचना वाचणाऱ्यास कळतें. चामडें कापणारा हात अधिसूचना चाळीत बसला तर चप्पल कोण शिवणार? मोठ्या कंपनीस यासाठीं पगारी कारकून असतो. कायद्याचें ओझें दोघांस सारखें, पण एकाच्या पाठीवर तें पिसासारखें आणि दुसऱ्याच्या पाठीवर जात्याच्या तळीसारखें.

आणि जातां जातां, ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबईच्या पांचही वेशींवर हलक्या मोटारींचा पथकर माफ झाला. जड मालवाहू गाड्यांस ती माफी मिळाली नाहीं. निवडणूक तोंडावर होती. मोटारीला मत असतें, बटाट्याच्या गोणीला नसतें.

आतां गादीकडे वळूं. बाजार समिती ही वाईट बुद्धीनें काढलेली वस्तु नव्हे, हें आमच्या तरुण मित्रांनीं लक्षांत ठेवावें. वऱ्हाडांत १८९७ सालीं कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. मुंबई इलाख्यांत १९३९ चा झाला, आणि महाराष्ट्राचा १९६३ चा. उघडा लिलाव, खरें माप, रोख पैसे, या तीन गोष्टी शेतकऱ्यास मिळाव्यात म्हणून हें कुंपण घातलें. मुंबईंतले जुने घाऊक बाजार टप्प्याटप्प्यानें वाशीस आले. भाजी आणि फळें १९९६ च्या सुमारास आलीं. पण कुंपणाच्या आंत परवाना ज्याचा, गाळा ज्याचा, त्याचेंच राज्य झालें. नवा माणूस आंत शिरेल तर गाळा कोठून आणील? फळबाजारांत रुमालाखालीं बोटें दाबून भाव ठरविण्याची रीत कित्येक वर्षें चालली. ज्याचा आंबा त्याला बोटें दिसत नाहींत! उघड्या लिलावासाठीं कायदा केला आणि लिलाव रुमालाखालीं गेला. कुंपणानेंच शेत खाल्लें म्हणतात तें हेंच.

आडत कोणी द्यावी हा तंटाही असाच. डिसेंबर २०१४ मध्यें ती खरेदीदाराकडून घ्यावी असा हुकूम निघाला आणि थोड्याच दिवसांत स्थगित झाला. मग जुलै २०१६ मध्यें सरकारनें वटहुकूम काढून फळें व भाजीपाला समितीच्या बंधनांतून सोडविला आणि आडत खरेदीदारावर टाकली. व्यापाऱ्यांनीं बाजार बंद ठेवले, पण सरकार त्या वेळीं डगमगलें नाहीं. शेतकऱ्यास बाहेर विकण्याची मुभा मिळाली. संत सावता माळ्यांच्या नांवानें शहरांत आठवडे बाजार निघाले. समजा शेंकडा ८ आडत जात होती, तर दहा हजारांच्या मालावर आठशें रुपये वांचले. हें कागदावर. पण घेणारे मोजके असले तर ते बोलींतूनच आठशें कापून घेतात, आणि पट्टीवर आडतीचा रकाना कोरा दिसतो. कोरा रकाना पाहून समाधान मानणारे भोळे आम्ही नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं भिंत पाडणें आणि टोळी मोडणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. बिहारनें २००६ सालीं बाजार समित्यांचा कायदाच रद्द केला. भिंत गेली, पण मालास चढाओढीनें घेणारे आपोआप उगवले नाहींत. बाजाराचीं आवारें ओस पडलीं आणि गांवचा व्यापारी सांगेल तो भाव राहिला. २०२० सालीं दिल्लीनें तीन कृषि कायदे केले; विचारल्यावांचून केले. जानेवारी २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्यांस स्थगिती दिली आणि नोव्हेंबरांत संसदेनें ते मागें घेतले. पंजाबच्या शेतकऱ्यास जी भीति वाटली ती खोटी नव्हती: लहान आडत्याच्या जागीं एकच अजस्र आडत्या आला तर?

आणि आपल्याच घरांतला दुसरा मुलगा विसरूं नका. या बाजारांत गोणी पाठीवर घेणारा माथाडी हा बहुधा सातारा-पुण्याच्या डोंगरांतला शेतकऱ्याचाच मुलगा आहे. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीनें १९६९ चा माथाडी कायदा मिळविला. बाहेर विक्री गेली कीं त्याची हमाली जाते, म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्यें बाजार आणखी सैल करणारें विधेयक माथाड्यांच्या संपानंतर मागें घ्यावें लागलें. एक भाऊ पट्टीवरची हमाली पाहून चिडतो, दुसरा त्याच हमालीवर मुलांची फी भरतो. आमच्यापाशीं याचें सोपें उत्तर नाहीं. एवढें मात्र खरें कीं हे दोघे भाऊ भांडले कीं गादीवरचा खुशाल पान खातो. माथाडी मंडळाचें संरक्षण बाजाराच्या भिंतीस न बांधतां कामास बांधावें, बाहेरच्या विक्रीसही लागू करावें, असें आम्हांस वाटतें.

टोळी मोडण्याचा कायदा आहे काय? आहे. १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदा जुना झाला म्हणून २००२ चा स्पर्धा कायदा आला, आणि टोळक्यांविरुद्ध त्याचा अंमल २००९ पासून सुरू झाला. व्यापाऱ्यांनीं आपसांत संगनमत करून भाव ठरविणें, लिलावांत बोली दाबणें, हा त्या कायद्यानें अपराध आहे. २०२३ च्या दुरुस्तीनें टोळींत स्वतः व्यापार न करणारा, पण टोळी जमवून देणाराही तिचाच भागीदार धरला जाईल असें केलें. कांद्याच्या बाजारांबद्दल स्पर्धा आयोगासाठीं बंगळूरच्या एका संस्थेनें २०१२ सालीं अहवालही केला. महाराष्ट्र-कर्नाटकांतल्या बाजारांत मोजके व्यापारी वजन राखून आहेत आणि नव्यास शिरूं देत नाहींत, असें त्यांत निघालें. अहवाल झाला. पुढें कांदा पुन्हां तसाच रडला आणि रडवीत राहिला.

कारण आयोग दिल्लींत आणि लिलाव पहाटे तीनला वाशींत. सर्वांनीं एकच भाव बोलला एवढ्यानें संगनमत शाबीत होत नाहीं. आंतून ठरलें होतें असें दाखवावें लागतें. टोळी कागद करीत नाहीं. पण तिच्या कागदांऐवजीं आपले कागद आहेत. एका दिवशींच्या, एकाच मालाच्या, निरनिराळ्या गाळ्यांच्या शंभर पट्ट्या शेजारीं शेजारीं मांडल्या, आणि त्याच दिवसाचा शहरांतला किरकोळ भाव लिहिला, तर महिन्या-दोन महिन्यांत नक्षी दिसूं लागते. तपासाचा हुकूम मागावयास तेवढा पाया उपयोगीं पडतो. आयोगाकडे माहिती कोणासही देतां येते. त्यास व्यापारी किंवा वकील असावें लागत नाहीं. फी मात्र भरावी लागते, ती आपण वर्गणीनें भरूं. आणि २०२३ पासून तीन वर्षांची मुदत आली आहे. त्याहून जुनी तक्रार घेणें आयोगास बंधनकारक नाहीं.

तेव्हां घरीं गेल्यावर आढ्याला खोंचलेल्या, देवळीत दडविलेल्या, वहीत चिकटविलेल्या सर्व पट्ट्या काढा. गेल्या तीन वर्षांच्या वेगळ्या करा. ज्यांना वाचतां येत नाहीं त्यांनीं शाळेंत जाणाऱ्या मुलीला बसवा; तारीख, माल, वजन, गाळा, भाव, कपात, एवढे सहा रकाने पुरे. माथाडी बांधवांनीं त्या पहाटे कोणत्या गाळ्यावर किती माल उतरला एवढें सांगितलें तरी मोठें काम होईल. पुढची अमावास्या ध्यानांत ठेवा. त्या दिवशीं दुपारीं याच ठिकाणीं वह्या घेऊन या. कागद-पेन्सिलीची व्यवस्था आम्ही करूं, भाकरी ज्याची त्यानें आणावी.