शब्दाची जात आणि शब्दाचे काम

दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा हे गाव नंदिनीच्या चुनखडीच्या खाणींशेजारी वसले आहे. १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि या खाणींचा दगड पोलादाच्या कामी आला. हा दगड पोलादाच्या कारखान्यात लोखंडातील मळ वेगळा करतो. सिमेंटच्या भट्टीत मात्र तोच मुख्य द्रव्य ठरतो. दगड एकच, कामे दोन. शब्दांचेही तसेच आहे.

या हिंदी मुलुखात वाढणारे मराठी मूल शाळेत ज्याला 'संज्ञा' म्हणते, त्यालाच मराठी व्याकरणात 'नाम' म्हणतात. नावे बदलली तरी वाटणी तीच: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे चार विकारी, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही चार अव्यये. यास्काने निरुक्तात नाम, आख्यात, उपसर्ग व निपात असे चारच वर्ग मानले होते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली निघाले, तर मोरो केशव दामल्यांचे १९११ साली. लोकबोलीही व्याकरणावाचून नसते: छत्तीसगडीचे व्याकरण हिरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ सालीच रचले.

परीक्षार्थी ही आठ नावे तोंडपाठ करतो. पण प्रश्नपत्रिकेत शब्द वाक्यात येतो आणि तेथेच गुण जातात. 'खाली' हा शब्द घ्यावा. 'मुलगा खाली बसला' येथे तो क्रियाविशेषण. 'मुलगा झाडाखाली बसला' येथे नामाला जोडून आल्याने शब्दयोगी. हिंदीत 'घड़ा खाली है' म्हटले की तोच शब्द 'रिकामा' या अर्थाचे विशेषण होतो. दोन भाषांत वावरणाऱ्या मुलाची गल्लत येथेच होते. 'पण' दोन वाक्ये जोडतो तेव्हा उभयान्वयी. 'जनकाने पण लावला' यात तो नाम.

म्हणून उत्तरापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. शब्द कशाचे नाव सांगतो, की कशाविषयी अधिक माहिती देतो? लिंग, वचन, विभक्तीने त्याचे रूप पालटते का? 'चांगला' मुलीपुढे 'चांगली' होतो. 'लाल' मात्र विशेषण असूनही तसाच राहतो, म्हणून ही कसोटी एकटी पुरत नाही. शेवटी, वाक्यातून तो काढला तर काय उणे पडते?

सुटा शब्द दाखवून त्याची जात विचारली, तर विद्यार्थ्याने आधी वाक्य मागावे. ते मागणे अज्ञानाचे लक्षण नव्हे. व्याकरण समजल्याची ती पहिली खूण होय.