खुंटांचे फुटवे कोण राखणार?



बोईसरच्या कामगारांपुढे जंगलाचा विषय कशाला, असे कुणी विचारील. तारापूरच्या कारखान्यांना पाणी पुरवणारी सूर्या जव्हारकडच्या डोंगरांतून उतरते, एवढे उत्तर पुरेसे आहे. तेथला उतार उघडा पडला की माती धामणीच्या धरणाची वाट धरते.

तोडलेले जंगल मेले, ही समजूत चुकीची आहे. साग आणि ऐन यांचे खुंट जिवंत असतात. पावसाळ्यापूर्वी, जमिनीलगत, साल न फाटता, पाणी साचू नये असा तिरपा घाव घातला, तर पहिल्या पावसातच खुंटाला फुटवे येतात. जुन्या मुळांच्या बळावर ते रोपापेक्षा झपाट्याने वाढतात. त्यांतले एकदोन जोमदार राखून बाकीचे छाटावे लागतात आणि काही वर्षे गुरे व वणवा दूर ठेवावा लागतो. तीव्र उतारावर याला पर्याय नाही, कारण माती धरून ठेवणारी मुळे तीच आहेत. खुंट मेला की मुळे कुजतात आणि पुढे चारदोन पावसाळ्यांत उतार सुटतो. अशा जागी जिवंत खुंट उपटून रोपांसाठी खड्डे खोदणे याला वृक्षारोपण म्हणतात खरे. मी त्याला डोंगर उकरणे म्हणेन.

हे ज्ञान वारली, कोकणा, कातकरी यांना नवे नाही. कुऱ्हाड त्यांच्याच हाती होती, नफा मात्र ठेकेदाराच्या. १९४५ मध्ये गवतकापणीच्या मजुरीवरून आणि १९४६ मध्ये जंगलतोडीच्या मजुरीवरून वारल्यांनी संप केले. गोदावरी परुळेकर व किसान सभेचे ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही. १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या पुढाकाराने जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. ठेकेदार हटावा, हा हेतू चांगलाच होता. परंतु संस्थेकडे आली ती तोड. तोडीनंतरचा डोंगर वनखात्याचाच राहिला, आणि तोडणाऱ्याला फुटव्याशी काही देणेघेणे उरले नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही गाठ सोडवण्याची वाट दिली आहे. सामूहिक वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन व व्यवस्थापन करण्याचा हक्क त्यात ग्रामसभेला आहे. वैयक्तिक प्लॉटच्या दाव्यांमागे आपण जेवढी धावपळ केली, तेवढी या हक्कामागे केली नाही. ज्या गावाचे सामूहिक दावे अजून झालेले नाहीत, तेथे कार्यकर्त्याने आधी ते भरून घ्यावेत. जेथे मान्यता मिळाली आहे, तेथे मे महिन्यातच ग्रामसभेने तोडीच्या उतारावर जाऊन जिवंत खुंट मोजावेत, चराईबंदीची हद्द गुराख्यांना सोबत घेऊन ठरवावी आणि राखणीची मजुरी रोजगार हमीतून मागावी.