खाटेवरचा तपास

जोसेफिन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ ही कादंबरी १९५१ साली आली. ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेने १९९० मध्ये शंभर सर्वोत्तम कादंबऱ्यांची यादी केली, तेव्हा पहिलं स्थान हिला मिळालं. आणि तरीही वाचकमंडळाने ती वाचायला घेतली की तट पडतात. एक गट हरखून जातो, तर दुसरा विचारतो, “यात घडतं काय?”

प्रश्न रास्त आहे. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ग्रँट पाय मोडून इस्पितळात पडलेला आहे. त्याचा वेळ जावा म्हणून नटी असलेली मैत्रीण जुन्या चित्रांच्या प्रती आणून देते. त्यांत इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचा चेहरा असतो. हा माणूस खुनी वाटत नाही, एवढ्यावर ग्रँट चौकशी सुरू करतो. ताजं प्रेत नाही, पाठलाग नाही. एक तरुण अमेरिकन ब्रिटिश म्युझियममध्ये कागद धुंडाळतो आणि खाटेशी बसून सांगतो. त्यातून एडवर्ड आणि एलिझाबेथ इतके, की वंशावळ हाताशी नसेल तर माणूस चुकलाच!

मूळ प्रकरण १४८३ सालचं. बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि त्याचा नऊ वर्षांचा भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये होते. त्यांचा चुलता रिचर्ड स्वतः गादीवर बसला आणि मुलं पुढे कुणाला दिसली नाहीत. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि बोट राघोबादादांकडे गेलं, हे जाणणाऱ्या मराठी वाचकाला चुलत्या-पुतण्याची ही गोष्ट परकी वाटू नये. फरक एवढाच, की पुण्यात चौकशीला रामशास्त्री होते. लंडनच्या पोरांच्या वाट्याला कुणी रामशास्त्री आला नाही.

कादंबरी आवडणाऱ्यांना आवडते ती साक्षीदारांची उलटतपासणी. रिचर्डची काळी प्रतिमा शेक्सपिअरने घरोघर पोचवली. तिच्या मुळाशी टॉमस मोरचा वृत्तांत आहे. पण रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ रोजी बॉसवर्थच्या लढाईत पडला, तेव्हा मोर जेमतेम सात वर्षांचा होता. पुढे तो वाढला जॉन मॉर्टनच्या घरी, म्हणजे रिचर्डच्या हाडवैऱ्याकडे. साक्षीदार तिथे होता का, त्याने मीठ कुणाचं खाल्लं, हे विचारणारी ती पानं खरोखर बहारीची आहेत. टे यांचं खरं नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश. गॉर्डन डेव्हियट या नावाने त्या नाटकं लिहीत. नुसत्या संवादावर वाचक धरून ठेवण्याचं कसब तिथूनच आलं असावं.

मात्र हीच कसोटी खुद्द टे यांना लावली, की नाराज गटाचं पारडं जड होतं. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतलं रिचर्डचं प्रसिद्ध चित्र सोळाव्या शतकाच्या अखेरीचं आहे, राजा मेल्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी काढलेलं. इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातल्या दुसऱ्या चित्राची क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा त्याचा खांदा मागाहून रंगवून उंच केल्याचं दिसलं. अशा चित्रांवरून स्वभाव ओळखणाऱ्या पोलिसाला कोणतं न्यायालय विचारील?

टॉनीपॅन्डीचा मामला याहून अवघड. वेल्समधल्या या गावी १९१० साली खाणकामगार आणि पोलीस यांच्यात चकमकी झाल्या. लष्कराने कामगारांवर गोळ्या झाडल्याची कथा बनावट, म्हणून ग्रँट खोट्या इतिहासालाच ‘टॉनीपॅन्डी’ म्हणू लागतो. तिथे गोळीबार झाला नाही, हे खरं. पण त्या भागात सैन्य आणलं होतं आणि डोक्याला मार बसून एक कामगार मेलाही. टे मात्र रक्त जवळपास सांडलंच नाही असं भासवतात. वेल्सचा वाचक चिडला तर त्याला दोष देता येणार नाही.

२०१२ साली लेस्टरमध्ये गाड्या उभ्या करण्याच्या जागेखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. डीएनए चाचणीनंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये ओळख जाहीर झाली. कणा वाकडा होता, म्हणजे खांद्यांची कुजबुज खोटी नव्हती. शेक्सपिअरने दिलेला वाळका हात मात्र नव्हता. पुतण्यांच्या खुनाविषयी हाडं अर्थातच काही सांगत नाहीत.

टे यांनी खुनाचा आळ रिचर्डनंतर गादीवर आलेल्या सातव्या हेन्रीवर टाकला आहे. वकिली झकास, पुरावा तोकडा. वाचकमंडळांनी ही कादंबरी जरूर घ्यावी, पण तिच्यासोबत मोरचा वृत्तांतही वाचावा आणि चर्चेला एक नव्हे, दोन बैठका ठेवाव्यात.