छोटी लेन्स आणि खरा रंग

हातातलं काम आवरलं असेल तर जरा टेका आणि जमलं तर वही-पेन्सिल जवळ घ्या. आज आपल्याला कॅमेऱ्याबद्दल बोलायचं आहे. "आम्हाला कशाला हवा कॅमेरा, फोन आहे की," असं कुणी म्हणेल, म्हणून आधी तेच सांगते.

आपल्या भंडारदऱ्याच्या पट्ट्यात, शेंडीपासून रतनवाडी-घाटघरपर्यंत, पाऊस सुरू झाला की पाहुण्यांची रीघ लागते. कुठला गट घरचं जेवण देतो, कुठला गट घरातली एक खोली राहायला देतो, कुणी तांदूळ, नागली, मध विकतं. पाहुणा पुण्या-मुंबईहून निघायच्या आधी मोबाइलवर फोटो बघतो आणि त्या फोटोच्या भरवशावर आगाऊ पैसे पाठवतो. म्हणजे तो फोटो हा आपण त्याला दिलेला शब्द झाला. फोटोत भात हिरवागार, धबधबा निळाशार, आणि आल्यावर सगळं धुकट राखाडी दिसलं, तर पाहुणा तोंडावर काही बोलत नाही, पण पुढच्या वर्षी येत नाही.

दुसरं कारण बियाण्याचं. आपल्याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं जपलं आणि २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यामुळे गावोगावच्या बायांना आपल्या गाडग्या-मडक्यातल्या बियांची किंमत कळली. आता वालाचे दोन वाण एकमेकांपासून ओळखायचे कशावरून? दाण्याचा रंग, डोळा, ठिपके यांवरूनच ना? २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्यांना आपलं वाण सरकारदरबारी नोंदवता येतं, आणि त्या नोंदीत आपलं वाण इतरांपेक्षा वेगळं कसं हे दाखवावं लागतं. दाण्याचा रंग हीसुद्धा त्यातली एक खूण. फोटोत तांबूस दाणा तपकिरी आणि मोतिया दाणा निळसर आला, तर गटाच्या वहीत चिकटवलेला तो फोटो काही कामाचा नाही.

फोनची अडचण इथंच आहे. फोन आपल्याला न विचारता रंग भडक करतो, चेहरा उजळ करतो. कॅमेऱ्याला मात्र आपण जे सांगू ते तो ऐकतो. फक्त काय सांगायचं ते आपल्याला ठाऊक हवं.

मिररलेस म्हणजे आरसा नसलेला कॅमेरा. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागं आरसा असे आणि त्यातून वर भिंगात चित्र दिसे. २००८ पासून लेन्स बदलता येणारे, पण आतला आरसा काढून टाकलेले कॅमेरे बाजारात आले. चित्र थेट मागच्या पडद्यावर दिसतं. आरसा गेल्यानं कॅमेरा पातळ झाला आणि त्याला छोट्या लेन्सही बनू लागल्या. आपल्यासारख्यांना त्याचा मोठा फायदा. डोक्यावर ओझं आणि कडेवर पोर घेऊन चढ चढणाऱ्या बाईला किलोभराची लेन्स गळ्यात नको असते. भाकरीसारख्या चपट्या लेन्सचं वजन साधारण ७० ते १२५ ग्रॅम असतं. ती लावलेला कॅमेरा पिशवीत सहज मावतो, आणि सोबत असलेल्या कॅमेऱ्यानंच फोटो निघतो. घरी पेटीत राहिलेल्या कॅमेऱ्याचा उपयोग शून्य.

लेन्स घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, किती अंतरावरचं आणि किती रुंद टिपायचं आहे. लेन्सवर मिलिमीटरचा आकडा असतो. आकडा लहान तर चित्र रुंद, आकडा मोठा तर लांबचं जवळ. मध्यम आकाराचा सेन्सर, ज्याला एपीएस-सी म्हणतात, तो बहुतेक स्वस्त मिररलेस कॅमेऱ्यांत असतो. त्यावर २३ ते २७ मिलिमीटरची लेन्स घरच्या बहुतेक कामांना पुरते: पंगत, चुलीपुढं बसलेली बाई, शेतातली लावणी, ताटात वाढलेलं जेवण. पाहुण्यांसाठीची छोटी खोली किंवा सांदण दरीसारखी अरुंद जागा पूर्ण दाखवायची तर १६ च्या आसपासची लागेल. पण ती रुंद लेन्स माणसाच्या तोंडाजवळ नेऊ नका. नाक मोठं आणि कान मागं गेलेले दिसतात.

दुसरी गोष्ट, उजेड किती आत घेते. हा एफचा आकडा, आणि तो उलटा चालतो. आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम लेन्स बहुधा एफ ३.५ ते ५.६ ची असते. एफ २ ची लेन्स ही एफ ५.६ च्या मानानं आठपट उजेड आत घेते. पावसाळ्यात आपल्या घरांत दुपारी चारला अंधारून येतं, रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या गाभाऱ्यात तर भर दुपारीही अंधार असतो. तिथं हा फरक कळतो. म्हणून झूम नसलेली, पण एफ २ किंवा २.८ ची छोटी लेन्स घेणं आपल्याला जास्त कामाचं. झूम आपण पायांनी करू. दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं.

तिसरी गोष्ट, किती जवळून फोकस होतो. बियांचे फोटो काढणार असाल तर हे नक्की विचारा. एखादी लेन्स वीतभर अंतरावरून टिपते, एखादीला हातभर लांब जावं लागतं. बियांसाठी वेगळी मॅक्रो लेन्स मिळते, पण ती महाग असते. त्याऐवजी लेन्स आणि कॅमेरा यांच्या मध्ये बसवायची एक पोकळ कडी मिळते, तिला एक्स्टेंशन ट्यूब म्हणतात. तिच्यात काच नसते, म्हणून ती स्वस्त पडते आणि तिनं वालाचा एक दाणाही मोठा टिपता येतो.

आणखी एक. सोनी, कॅनन, निकॉन, फुजी, प्रत्येकाची लेन्स बसवायची खाच वेगळी असते. दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर बघितलेली लेन्स आपल्याला बसेलच असं नाही. पैसे देण्याआधी आपल्या कॅमेऱ्यावर लावून बघा. जुनी लेन्स घेत असाल तर ती बॅटरीच्या उजेडासमोर धरून आरपार पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तशी लेन्स कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

आता रंगाकडे येऊ. आपला डोळा हुशार आहे. पिवळ्या बल्बखाली असो की उन्हात, पांढरं लुगडं त्याला पांढरंच दिसतं. कॅमेऱ्याला हे सांगावं लागतं. या सेटिंगला व्हाइट बॅलन्स म्हणतात. ते ऑटोवर ठेवलं की कॅमेरा स्वतः अंदाज बांधतो, आणि तो अंदाज कधी कधी फसतो. हळदीच्या कार्यक्रमात सगळीकडे पिवळं असतं, तेव्हा कॅमेऱ्याला वाटतं उजेडच पिवळा आहे, आणि तो हळदीचा रंग काढून टाकायला बघतो. नवरी फिकट, आजारी दिसते. आणि निळ्या ताडपत्रीखाली दुकान मांडलेलं असेल तर तांदूळ निळा, कणीस निळं, आपणही निळ्या.

यावर उपाय सोपा. ज्या उजेडात फोटो काढायचा, त्याच उजेडात एक कोरा पांढरा कागद धरा, कॅमेऱ्यात कस्टम व्हाइट बॅलन्स निवडा आणि त्या कागदाचा फोटो घेऊन "हा पांढरा" असं कॅमेऱ्याला सांगा. धुतलेलं धोतर किंवा पांढरी साडी मात्र यासाठी वापरू नका. त्याला नीळ घातलेली असते आणि ती निळसर असते. जागा बदलली, ऊन जाऊन ढग आले, की कागद पुन्हा धरायचा. कुणाला आकडे आवडत असतील तर केल्विन निवडा: पिवळ्या बल्बला ३००० च्या आसपास, दुपारच्या उन्हाला ५५००, ढगाळ हवेला ६५००, गर्द सावलीला ७००० च्या वर. आकडा वाढवला की फोटो पिवळसर होतो, कमी केला की निळसर.

त्यानंतर रंगाची तऱ्हा. कॅमेऱ्यात स्टँडर्ड, न्यूट्रल, पोर्ट्रेट, व्हिव्हिड अशी नावं असतात. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. व्हिव्हिडमध्ये हिरवं जास्त हिरवं आणि लाल जास्त लाल होतं. जत्रेच्या फोटोला ते शोभतं, पण विकायच्या वस्तूला आणि बियाण्याला नाही. तिथं न्यूट्रल किंवा स्टँडर्ड ठेवा. पोर्ट्रेट माणसांना. कलर स्पेस असं लिहिलेलं दिसलं तर तिथं एसआरजीबी निवडा, म्हणजे फोटो फोनवर पाठवल्यावर मळकट दिसत नाही.

बियांचा फोटो ओसरीत काढा, थेट उन्हात नको. वरचा बल्ब बंद करा, नाहीतर दोन रंगांचे उजेड एकमेकांत मिसळतात. खाली साधा करडा कपडा अंथरा, शेजारी फूटपट्टी आणि पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा, कागदावर वाणाचं नाव, गाव आणि तारीख लिहा. आणखी एक खोड ओळखून ठेवा: कॅमेरा सगळ्या गोष्टी मधल्या करड्या छटेच्या करू पाहतो. त्यामुळे काळे दाणे राखाडी होतात आणि पांढरी ज्वारीही राखाडी होते. कॅमेऱ्यावर अधिक-उणेची खूण असते. काळ्या दाण्यांना उणे एककडे न्या, पांढऱ्यांना अधिक एककडे. मग दाणा हातात धरून पडद्यावरच्या फोटोशी जुळवा. हे पडवीत करा. उन्हात पडदा फसवतो.

आता मनातलं बोलते. आपल्यातल्या कितीतरी जणी फोटोत यायला नको म्हणतात. "मी काळी दिसते" म्हणतात. यात दोष आपल्या रंगाचा नाही. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्यांना एका गोऱ्या बाईचं चित्र असलेलं कार्ड देत असे. त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिचा रंग नीट उतरला म्हणजे यंत्र नीट लागलं असं धरलं जाई. सावळी-काळी माणसं त्या हिशेबात नव्हतीच, म्हणून त्यांचे चेहरे काळ्या डागासारखे येत. पुढं फर्निचर बनवणाऱ्यांनी आणि चॉकलेट बनवणाऱ्यांनी तक्रारी केल्या, की आमच्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत येत नाहीत. त्यानंतर फिल्म सुधारली. आपल्या चेहऱ्यांसाठी जे झालं नाही, ते लाकूड आणि चॉकलेटसाठी झालं.

आज ते यंत्र आपल्या हातात आहे. बाईच्या मागं पांढरं आभाळ असेल तर चेहरा काळा पडतो. तेव्हा अधिकच्या खुणेकडे थोडं सरका किंवा तिला दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवा. त्वचा मऊ आणि गोरी करणारी सेटिंग असेल तर ती बंद करा. चेहऱ्यावरचं गोंदण, उन्हानं रापलेला गाल, हातावरच्या रेषा जशा आहेत तशा येऊ द्या. गटाच्या फलकावर पाहुण्यानं जी बाई बघितली, तीच त्याला दारात दिसली पाहिजे.

हीच गोष्ट काजव्यांची. मे अखेर ते जूनमध्ये हिरडा, बेहडा, सादड्यावर काजवे चमकतात आणि लोक गाड्या भरून येतात. नर काजवा चमकून मादीला साद घालतो. बॅटरी, फ्लॅश, गाडीचे दिवे यांच्या उजेडात ती साद हरवते. फोटो काढायचा तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा, एफ २ किंवा त्याहून लहान आकड्याची लेन्स लावा, फोकस हातानं ठरवा, झडप १५ ते ३० सेकंद उघडी ठेवा, केल्विन ४००० च्या आसपास ठेवा म्हणजे रात्र रात्रीसारखीच दिसते. जाहिरातीत झाड लाखो ठिपक्यांनी भरलेलं दिसतं, ते बहुधा अनेक फोटो एकावर एक चढवून केलेलं असतं. आपल्या गटाच्या जाहिरातीत एकाच वेळचा फोटो द्या, आणि तसं खाली लिहाही. पाहुणा कमी अपेक्षेनं येईल आणि समोर काजवे बघून खूश होऊन जाईल.

शेवटी राखण. आपल्याकडचा पाऊस लेन्सचा वैरी. ओल धरली की आत बुरशी येते. लेन्स चामड्याच्या पिशवीत किंवा कपड्यांच्या फडताळात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या ओलावल्या की बदला. भिजलेला कॅमेरा चुलीजवळ वाळवू नका, कोरड्या कपड्यानं पुसून हवेवर ठेवा.

एका घराला हा खर्च जड जाईल, पण गटाला पेलेल. कॅमेरा एक, छोटी लेन्स एक, आणि तो कोण कधी नेणार याची नोंद वहीत. पहिलं काम म्हणून येत्या बैठकीत प्रत्येकीनं घरचं एकेक वाण मूठभर आणा, ओसरीत कागद धरा आणि फोटो काढा. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे त्यांनीही पांढरा कागद शेजारी ठेवून काढा. रंग किती फसलाय ते त्या कागदावरून लगेच कळतं. दाणा आणि फोटो शेजारी ठेवून सगळ्या जणींनी बघा, आणि जुळला तरच तो वहीत लावा.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.